परवडणारी वाळू

वाळू विकत घ्यावी लागते, हे चाळिशी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. बांधकामवाले घेतात, पण ते सगळंच विकत घेतात. आपल्यासारख्याच्या घरात वाळू येते ती चपलेतून, आणि आपण ती दारात झटकून मोकळे होतो. ज्या माणसाने जन्मभर वाळू झटकली, त्याने पुढे एक अख्खा महिना तिच्यामागे वणवण करावी, हे माझ्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. पण झालं खरं तसं.

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. आमच्याकडे तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा फाटकातून आत येत नाही, आणि तिघांत जो स्वस्त त्याचाच माल घ्यायचा, असा दंडक आहे. हा दंडक मी घरीही पाळतो. बायको हे मला दाखवलेलं तिसरं स्थळ होतं, आणि यामागे काही दंडक होता का, हे ती अजून अधूनमधून विचारते. 

तर सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले, तिथून हे सुरू झालं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सासूबाई गेल्या, गुडघ्यांनी जिने चढायला नकार दिला, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट आहे म्हणून बायकोने हट्टच धरला. दुकान आणि त्यावरचं घर विकून ते आले ते दोन बॅगा, दुकानात गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, प्रवाळाचे चार दगड आणि एक बोटभर लांबीचा पिवळाधमक मासा घेऊन. माशाला ते ‘पिवळ्या’ म्हणत. टाकीतली जुनी वाळू मात्र तिथेच टाकून यावी लागली होती. जुनी वाळू ढवळली की तिच्यातून जी घाण सुटते तिने पाणी नासतं, असं ते म्हणाले.

आणि गोची इथेच होती. हा पिवळ्या वाळूत झोपणारा मासा निघाला. दिवस मावळला की तो सूर मारून वाळूत शिरतो, अंगावर वाळू ओढून घेतो आणि सकाळी बाहेर येतो. वाळूच नाही म्हटल्यावर संध्याकाळ झाली की तो उघड्या काचेवर नाक आपटायचा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. सासरे खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, “तुम्ही बसा, मी आलोच.” मग येऊन दोन घास खायचे आणि परत खुर्चीत.

“अहो, त्या माशाला आधी झोपू द्या,” बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली. “तो झोपला की बाबा झोपतील. नाहीतर त्यांचं मन इथे लागायचं नाही. मग ते परत जायचं म्हणतील आणि परत जायला आता काही उरलेलं नाही.”

मी म्हटलं, “अगं, वाळूच ना? वाळू माझ्यावर सोड.”

जे वाक्य बोलताना आपली मान ताठ होते, ते बोलूच नये असं मला आता वाटतं.

सासऱ्यांना मी रीतसर विचारलं, “बाबा, वाळू कशी हवी?” ते म्हणाले, “बारीक असावी, हाताला मऊ लागावी, बस. बाकी मिळेल ती चालेल हो, जावईबापू. तुम्ही त्रास घेऊ नका, मीच आणतो की दुकानातून एक पिशवी.” मी त्यांना दोन्ही हातांनी थांबवलं. मी असताना त्यांनी खिशात हात घालायचा म्हणजे काय! खरेदी विभागात बसून बसून माझ्या कानांना एक खोड लागली आहे. लांबलचक मागणीतलं ‘मिळेल ते चालेल’ एवढंच मला नीट ऐकू येतं.

शोभेच्या माशांचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार निळ्या उजेडात बसलेला, चेहऱ्यावर अशी शांती की जणू आपण गिऱ्हाईक नसून एखादी लहानशी लाट आहोत.

“वाळू आहे का?” मी विचारलं.

“सबस्ट्रेट,” तो म्हणाला.

“नाही, वाळू.”

“तेच.”

त्याने एक पिशवी पुढे सरकवली. मी किंमत वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. तेवढ्यात त्याने टाकीचं माप विचारलं आणि अशा चार पिशव्या लागतील, हे तोंडी हिशेब करून सांगितलं.

“याहून परवडणारी नाही का एखादी?”

“परवडणारं हवं असेल तर गोड्या पाण्यातला मासा पाळा,” तो म्हणाला. “बरणीत राहतो. वाळू मागत नाही.”

शेजारी एक बाई आपल्या लेकीला मासे दाखवत होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी अशा वेळी हसतो. हसलो, पिशवी परत सरकवली आणि ‘बघतो’ म्हणून बाहेर पडलो. बाहेर आल्यावर मनाशी ठरवलं की आता काहीही होवो, या माणसाकडून वाळूचा एक कणही घ्यायचा नाही. त्या दिवशी मी माशाची गोष्ट विसरलो आणि माझी गोष्ट सुरू केली, असं बायको म्हणते.

आमच्या वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त सर राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना विद्यार्थी मिळत नाहीत, त्यामुळे जिन्यात भेटेल त्याला ते शिकवतात. मी ‘वाळू’ म्हटलं आणि सरांचे डोळे चमकले.

“समुद्राच्या टाकीत चुन्याची वाळू लागते,” ते म्हणाले. “प्रवाळ, शिंपले, सगळा चुनाच. ओळखायची कशी? व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसली तर चुना. नाही फसफसली तर नुसती रेती. झालं! दुकानदाराच्या बापाला विचारायला नको.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनाला फार लागू पडलं. मी औषधाच्या जुन्या ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर भरलं, ती खिशात टाकली आणि भाव काढायला निघालो.

पहिला मुक्काम कोपऱ्यावरचं बांधकाम. ढिगाशी उकिडवा बसून मी चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि तिच्यावर थेंब सोडला. फसफसली नाही. दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली. तेवढ्यात राखणदाराने मला पाहिलं, त्याने मुकादमाला हाक मारली, मुकादमाने आतून इंजिनिअरला आणलं, आणि इंजिनिअर येता येताच हात जोडून म्हणाला, “साहेब, तपासणी आज आहे हे कोणी सांगितलंच नाही. खुर्ची आणा रे साहेबांना!”

मी म्हटलं, “मी साहेब नाही. मला फक्त ही वाळू फसफसते का ते बघायचंय.”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “फसफसली का?”

“नाही.”

“मग ते चांगलं की वाईट?”

“माझ्या दृष्टीने वाईट.”

यानंतर मला थंड पेय देण्यात आलं. बिल्डरला फोन लागला. बिल्डर म्हणाला, साहेबांना समोरासमोर बसून बोलू म्हणावं. माशाला झोपायला वाळू हवी आहे, हे मी अगदी सरळ सांगितलं, त्यावर इंजिनिअर समजूतदारपणे डोळे मिटून म्हणाला, “कळलं साहेब, सगळं कळलं. कितीचा मासा?” मी तिथून जवळजवळ पळालो. पुढचा आठवडाभर त्या बांधकामावरचा राखणदार मला रस्त्यात उभं राहून सलाम करत होता. बायकोबरोबर असलो की जास्तच.

बायको म्हणाली, “समुद्राची वाळू समुद्रावरून आणावी. यात एवढं डोकं काय चालवायचं?” बोलणं बिनतोड होतं. रविवारी आम्ही बादली घेऊन किनाऱ्यावर गेलो. तिथे पाटी होती: वाळू नेण्यास सक्त मनाई. पाटीखाली रक्षक होता. त्याने परवानगीचं कार्यालय सांगितलं. सोमवारी अर्धी रजा टाकून मी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई सज्जन होत्या, अडचण नियमाची होती.

“किती ट्रक?” त्यांनी विचारलं.

“एक बादली.”

“बादलीची तरतूद नाही. एका ट्रकपासून पुढे.”

“मग काय करू?”

त्यांनी खरोखर विचार केला. “एका ट्रकची परवानगी घ्या. बादली भरून घ्या आणि उरलेला ट्रक परत करा.”

“परत कुठे करायचा?”

“ती खिडकी शेजारची. पण ते साहेब बदलून गेलेत. नवीन यायचेत.”

मी शेजारच्या बंद खिडकीकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. तिकडे घरी पिवळ्या काचेवर नाक आपटतच होता. त्याच्या नाकाशी आता एक फिकट डाग दिसायला लागला होता. सासऱ्यांनी तो मला दाखवला नाही, मीच पाहिला. पाहिल्यावर मी सरळ दुकानात जाऊन चार पिशव्या आणायला हव्या होत्या. पण ते दुकान सोडून दोन ठिकाणं झाली होती आणि तिसरं बाकी होतं. सवय म्हणजे काय चीज असते, हे ज्याला आहे त्यालाच कळेल.

तिसरं ठिकाण मला ऑफिसातच सापडलं. कारखान्याच्या फरश्यांचा पुरवठा करणारा संगमरवरवाला बिलासाठी आला होता. सहज बोलता बोलता तो म्हणाला की दगड कापून कापून त्याच्याकडे पांढऱ्या चुऱ्याचे ढीग पडलेत, उचलून नेणारा कोणी मिळत नाही. माझा हात आपोआप खिशातल्या बाटलीकडे गेला. संध्याकाळी त्याच्या आवारात जाऊन मी थेंब सोडला, आणि काय सांगू! अशी फसफसली, अशी फसफसली, की सोड्याची बाटली फोडावी तशी. मला तिथेच नाचावंसं वाटलं. संगमरवरवाल्याने पोतं भरून दिलं आणि वर चहा पाजला. भाव विचारला तर म्हणाला, “लाजवू नका साहेब.” माझ्या उभ्या नोकरीत इतकी स्वस्त खरेदी झाली नव्हती.

पोतं घेऊन आलो तर इमारतीच्या फाटकात सेक्रेटरी उभे. सेक्रेटरी आमच्या खालीच राहतात आणि फाटकातून काय आत येतं यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.

“वाळू म्हणजे बांधकाम,” ते म्हणाले. “बांधकामाला समितीची मंजुरी लागते.”

“माशासाठी आहे हो.”

“माशासाठी बांधकाम असलं तरी बांधकामच.”

समिती पार्किंगमध्येच भरली. सरांनी खाली येऊन बशीत चुरा घेतला आणि सगळ्यांसमोर व्हिनेगर टाकून दाखवलं. समोरच्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, हे तर उकळतंय! माशाला भाजणार नाही ना?” तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं की हे स्फोटक आहे का. सरांनी चुन्यावर एक व्याख्यान दिलं. ते थांबेचना, तेव्हा ते थांबावेत म्हणूनच समितीने घाईघाईने मंजुरी दिली: ‘आवाज न करता वाळूकाम.’ सासरे वर गॅलरीत उभे राहून हे सगळं पाहत होते. त्यांच्यासाठी मी चारचौघांत भांडतो आहे, हे त्यांना दिसत होतं. मला त्या वेळी त्याचं फार बरं वाटलं. आता वाटत नाही.

काकूंच्या सल्ल्याने चुरा धुवायचा ठरला. मी न्हाणीघरात बादलीमागून बादली धुतली. पाणी दुधासारखं निघत होतं आणि मी ते मोरीत ओतत होतो. ओल्या चुन्याची दगडी पूड नळीत साचून घट्ट बसते, हे सरांनी आधी सांगितलं नव्हतं. नंतर मात्र सविस्तर सांगितलं. खाली सेक्रेटरी अंघोळीला बसले होते. त्यांच्या मोरीतून पांढरं पाणी वर यायला लागलं. ते टॉवेलवरच जिना चढून आले. त्या अवस्थेतही त्यांचा सेक्रेटरीपणा तसूभर कमी झालेला नव्हता. प्लंबरने दोन दिवस पाइप ठोकले, आवाज न करता वाळूकाम करण्याची अट मोडली, आणि जिन्यात आमच्याशी कोणी बोलेनासं झालं. प्लंबरने जे घेतलं त्यात दुकानातली वाळू कितीतरी आली असती, हे बायकोने फक्त एकदाच म्हटलं.

शेवटी तो सोनियाचा दिवस उगवला. धुतलेला चुरा ताटात घेऊन मी सासऱ्यांसमोर धरला. “बघा बाबा!”

त्यांनी चिमूट उचलली आणि अंगठ्याने बोटांवर हळू चोळली. क्षणभर थांबले. मग माझ्याकडे पाहिलं. माझे हात प्लंबरबरोबर पाइप उपसून सोललेले होते, ते त्यांनी पाहिले असावेत.

“छान आहे,” ते म्हणाले. “पांढरीशुभ्र आहे अगदी.”

आता हा माणूस आयुष्यभर चष्मे विकत आला. नाकावर कसलीही चौकट चढवून आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी ‘शोभतो हो तुम्हाला’ असंच म्हटलेलं. हे मला माहीत होतं. माझा स्वतःचा चष्माही त्यांनीच असा शोभवून दिलेला आहे. पण स्तुती स्वतःची असली की माणूस चौकशी करत नाही.

टाकीत चुरा पसरला. पाणी दोन दिवस गढूळ होतं, मग निवळलं. संध्याकाळी आम्ही तिघं खुर्च्या मांडून बसलो. मी दिवा मंद केला. पिवळ्याने एक फेरी मारली, खाली पाहिलं, आणि सूर मारला.

शिरला तसाच उसळून बाहेर आला. पुन्हा शिरला, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा त्याच्या कुशीवरचे खवले उचकटलेले होते आणि तिथे लाल रेघ होती. दगड कापल्यावर जे उरतं त्याला धार असते. समुद्र जी वाळू वर्षानुवर्षं लोळवून गोल करतो, ती वेगळी. हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, एक बोट लागतं. फसफसण्याच्या नादात मी ते बोट कधी लावलंच नव्हतं.

“नवं अंथरूण आहे,” सासरे म्हणाले. “होईल सवय.” आणि मला पाठीवर थोपटलं.

सवय झाली नाही. पिवळ्या खाली जाईनासा झाला. संध्याकाळ झाली की दगडाच्या आडोशाला अंग चोरून नुसता तरंगत राहायचा. खाणं सोडलं. मी म्हणायचो, “आज बरा दिसतोय, नाही?” सासरे म्हणायचे, “बराच बरा.” असे आम्ही एकमेकांचं मन राखत होतो आणि टाकीत तो जीव वाळत होता.

मग एक दिवस मी ऑफिसातून आलो तर टाकी रिकामी. मी बाही वर करून चुऱ्यात हात घातला, सगळा कोपरा न् कोपरा उकरला. माझीच बोटं खरचटली.

“तो तिथे नाही,” बायको मागून म्हणाली. “बाबा त्याला डब्यात घालून टॅक्सीने त्या दुकानात देऊन आले. तिथल्या मोठ्या टाकीत नीट वाळू आहे म्हणे.”

“मला का नाही सांगितलं?”

“कसं सांगतील? त्या ताटातली चिमूट चोळली ना, त्याच वेळी त्यांना कळलं होतं. आत येऊन मला म्हणाले, टोचते गं. आणि वर मला शपथ घातली. जावयाने एवढा जीव काढलाय, एक अक्षर बोलायचं नाही.”

ज्याच्यासाठी वाळू आणायची त्यालाच ती बोचणार आहे, हे घरात सगळ्यांना माझ्या आधीच ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि लाजेहून वाईट म्हणजे त्यांचा थोडा रागही आला. एकदा ‘नको’ म्हटलं असतं तर! पण त्यांनी आधी ‘मीच आणतो’ म्हटलं होतं, तेव्हा मीच तर दोन्ही हात आडवे केले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो आणि चार पिशव्या मागितल्या. भाव विचारला नाही. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, पण तो या खेपेला काही बोलला नाही, आणि त्याचं न बोलणं मला जास्त झोंबलं. चुरा काढला, टाकी धुतली, नवी वाळू घातली, पाणी तयार केलं. वाळूत हात घातला की पिठात घातल्यासारखं वाटत होतं. पाणी स्थिरावेपर्यंत थांबलो आणि मग संध्याकाळी पिवळ्याला आणायला झाकणाचा डबा घेऊन निघालो.

सासरे तिथेच होते. दुकानदाराने त्यांना मोठ्या टाकीसमोर एक स्टूल दिलं होतं. बायको मला सांगायची की बाबा संध्याकाळी फिरायला जातात. ते इथवर फिरायला येत होते तर.

“बाबा, वाळू आणली,” मी म्हटलं. “हीच. इथलीच. चला, पिवळ्याला घरी नेऊ.”

त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला. मग टाकीत पाहिलं. पिवळ्याच्या कुशीवरची जखम भरून आली होती. तो दोन निळ्या माशांच्या मधून तोऱ्यात फिरत होता.

“नको आता,” ते हळूच म्हणाले. “रुळलाय तो. फार हाल झाले त्याचे. एका जागेवरून उपटला, दुसरीकडे नीट झोप नाही. आता तिसऱ्यांदा उपटलं तर टिकायचा नाही. म्हाताऱ्या जिवाला एकदाच हलवावं, जावईबापू. तेही जपून.”

मी स्टुलाशेजारी उभा राहिलो. बाहेर अंधारून आलं तसा दुकानदाराने टाकीवरचा दिवा मंद केला. पिवळ्या खाली आला, थोडा थबकला, आणि एका सुरात वाळूत शिरला. वाळू जराशी हलली आणि सपाट झाली. सासऱ्यांनी सुस्कारा टाकला आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“झोपला,” ते म्हणाले. “चला, सोडता का मला तुमच्या घरापर्यंत? पोरगी वाट बघत असेल.”

मी त्यांचा हात धरला. चार पावलं गेल्यावर मला राहवलं नाही. “बाबा,” मी म्हटलं, “आपल्या घरी.”

“हो, हो, आपल्याच घरी,” ते लगबगीने म्हणाले, आणि मला बरं वाटावं म्हणून वाटेत आणखी दोनदा म्हणाले.